वादळात माइकवर बसताना: खान्देशातल्या नव्या निवेदकांसाठी

अटलांटिक महासागरात १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा हंगाम. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरवर गेला की त्या वादळाला हरिकेन म्हणतात, आणि ते किनाऱ्याला धडकण्याच्या कितीतरी दिवस आधी त्याचा माग लागलेला असतो. तिथल्या स्थानिक रेडिओनं त्या दिवसांत काय करावं यावर भरपूर लिहिलं गेलंय. वाचायला हरकत नाही, पण ते जसंच्या तसं रावेर-यावलला लागू करू नका. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी चारला धूळ उठते आणि पाचच्या आत केळीची उभी बाग आडवी होते. दिवस सोडा, धड दोन तासही हाताशी नसतात. म्हणून आपली तयारी एप्रिलमध्ये होते किंवा होतच नाही.

हा लेख सामुदायिक रेडिओवर नव्यानं आलेल्या पोरापोरींसाठी आहे. आकाशवाणीच्या जळगाव, धुळे केंद्रांवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून जाणाऱ्यांना आणि खासगी एफएमवाल्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. पुढचं सगळं वाचताना एक कसोटी मनात धरा: हे वाक्य ऐकल्यावर ऐकणाऱ्याचे पाय कुठं वळतील? घराकडं, की घराबाहेर? आवाज, उच्चार, पार्श्वसंगीत हे सगळं त्यानंतर.

आधी वादळ ओळखा

आपल्याकडं तीन तऱ्हा आहेत. पहिली मान्सूनपूर्व वावधन: मार्चअखेर ते जून, दुपारनंतर, सोबत विजा आणि कधी गारा. हे छोट्या टापूत येतं. एका गावात घरांचे पत्रे उडतात आणि चार किलोमीटरवरच्या गावात नुसतं ढगाळ असतं. दुसरी तऱ्हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाच्या शेपटाची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि दुबळं होत उत्तर महाराष्ट्रावरून विदर्भाकडं सरकलं. अशा वेळी माहिती आधी मिळते, पण ‘चक्रीवादळ खान्देशात’ असं म्हणण्याआधी वर्गवारी बघा. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबानं ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असेल तर कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालेलं, म्हणजे डिप्रेशन. ६२ च्या पुढं चक्रीवादळ. ८९ च्या पुढं तीव्र चक्रीवादळ. आपल्यापर्यंत येताना ते बहुधा डिप्रेशनच उरतं. तिसरी तऱ्हा पावसाळ्यातल्या पुराची. तिच्यात वारा नसतोच, पण रेडिओचं काम सगळ्यात जास्त तिथंच पडतं.

एप्रिलमधली कामं

वीज जाणार हे धरूनच चला. वादळात आधी फीडर बंद पडतो, मग मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात आणि नेट जातं. तुमचं केंद्र तेव्हाच खऱ्या अर्थानं सुरू होतं. जनरेटर आहे का, हे विचारून उपयोग नाही. तो चालू करून दाखवा म्हणा, आणि ट्रान्समीटरचा भार टाकून तासभर चालवा. डिझेल कोण आणतं, कॅनची किल्ली कुणाकडं असते, रात्री अकरा वाजता तो माणूस फोन उचलतो का, हेही त्याच दिवशी पाहून घ्या. मनोऱ्याला धरून ठेवणाऱ्या ताणतारा, वीजरोधक आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात पाणी घालायचं काम एखाद्याच्या नावावर लिहून ठेवा, नाहीतर ते कुणीच करत नाही.

आपला आवाज कुठवर जातो हे पायानं मोजा. सामुदायिक रेडिओची प्रभावी प्रक्षेपण शक्ती १०० वॅटपर्यंत आणि एफएमची लहर सरळ रेषेत जाते. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर नीट ऐकू येईल, पण सातपुड्याच्या पायथ्याशी एका टेकडीआडच्या पाड्यावर काहीच पोचत नाही. मोटारसायकलवर रेडिओ लावून फिरा आणि न ऐकू येणाऱ्या वस्त्यांची यादी करा. त्या प्रत्येक वस्तीत फोनवरून निरोप घेऊन पुढं सांगणारा एक माणूस हवा: आशाताई, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, किराणा दुकानदार. दुकानदार सगळ्यात बरा, तो जागेवर सापडतो.

लोकांना ऐकायचं कसं हेही एप्रिलमध्येच सांगावं लागतं. मोबाइलमधला एफएम नेटशिवाय चालतो, पण वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. फोनमधला एफएम बंद करू नका, असा सल्ला केंद्र सरकारनं २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना दिला होता; तरी पुष्कळ नव्या फोनांत तो नसतोच. म्हणून घरातला जुना ट्रान्झिस्टर कपाटावरून खाली काढा, सेल नवे टाका, हे आठवडाभर रोज सांगा. मीडियम वेव्हवर जवळ वीज कडाडली की रेडिओत करकर येते. करकर वाढत चालली तर समजावं, वादळ जवळ येतंय.

आणि एक वही. तीत तहसील कार्यालय, जिल्हा नियंत्रण कक्ष (१०७७), महावितरणचे स्थानिक अभियंते, पाटबंधारे शाखा, पोलीस ठाणे, तालुक्याचे पशुधन अधिकारी यांचे क्रमांक हातानं लिहिलेले असावेत. फोनमध्ये आहेत असं म्हणणाऱ्याचा फोन नेमका वादळात चार टक्क्यांवर येतो.

इशारा वाचायचा कसा

हवामान विभागाचे चार रंग पाठ करा: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. नुसता रंग सांगू नका. ‘जळगाव जिल्ह्याला यलो अलर्ट’ ऐकून कुणाचाही पाय हलत नाही. त्यासोबत काय करायचं ते सांगितलं तर हलतो.

विजांच्या वादळाचा तातडीचा इशारा ‘पुढील तीन तासांत’ अशा भाषेत येतो. तो चार वाजता आला आणि तुम्ही पावणेसहाला ‘पुढील तीन तासांत’ म्हणून वाचला, तर तुम्ही लोकांना चुकीची वेळ सांगितली. हातात कागद येताच घड्याळात बदला: ‘संध्याकाळी सात वाजेपर्यंत’. हे इतकं साधं आहे की सगळे विसरतात.

‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द फसवा आहे. हवामान विभागाच्या भाषेत त्याचा अर्थ जास्तीत जास्त पाव भागातल्या केंद्रांवर. ऐकणाऱ्याला वाटतं, किरकोळ आहे. त्याऐवजी ‘सगळीकडं होईलच असं नाही, पण तुमच्या गावातही होऊ शकतं’ असं म्हणा. पावसाच्या आकड्यांचंही तसंच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेला की ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. हे आकडे तुम्हाला समजावेत म्हणून. माइकवर त्यांची गरज क्वचितच पडते.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप तुमच्या परिसरात वीज पडण्याची शक्यता दाखवतं; नेट आहे तोवर ते स्टुडिओत उघडं ठेवा. नेट गेलं की जुना हिशेब: लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसपर्यंत मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर बाहेर थांबण्यात अर्थ नाही.

नियमाचं एक बोलून टाकतो. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत; आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. पण हवामान, नैसर्गिक आपत्ती, वीज-पाणी याबद्दल स्थानिक प्रशासनानं दिलेली माहिती बातम्यांत धरली जात नाही. म्हणून प्रत्येक निवेदनाला ‘कुणी सांगितलं’ हे जोडलेलं हवं. ती कायद्याची सोय आहे आणि ऐकणाऱ्याचीही.

निवेदन लिहिताना

एका निवेदनात चार गोष्टी: कुणी सांगितलं, कुठं, कधीपर्यंत, काय करायचं. गावांची नावं हवीतच. ‘तालुक्याच्या पूर्व भागात’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, तो भाग दुसऱ्याचा. वाक्यं छोटी, एका दमात वाचता येतील अशी. नमुना देतो, गावं आणि वेळ तुमची घाला:

‘हवामान विभागाचा इशारा. आज संध्याकाळी सात वाजेपर्यंत रावेर आणि मुक्ताईनगर तालुक्यांत जोराचा वारा आणि विजा. शेतात असाल तर आताच घरी निघा. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ थांबू नका. पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका. पुन्हा सांगतो.’

आणि मग खरंच पुन्हा सांगायचं.

आता कसोटी लावा. उत्साही निवेदक वारा सुटायच्या अर्धा तास आधी म्हणतो, ‘शेतकरी बंधूंनो, केळीच्या झाडांना टेकू द्या.’ सल्ला कृषी विद्यापीठाच्या पुस्तकातलाच असतो. पण त्या वेळी तो माणसाला घरातून उचलून थेट बागेत नेऊन उभा करतो, अन् वारा येतो तेव्हा तो बांबू धरून घडांच्या ओझ्याखाली असतो. टेकू, बागेभोवती शेवरीचं कुंपण, हे फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगायचं. वादळाच्या दिवशी बागेबद्दल एकच वाक्य: बाग जाऊ द्या, तुम्ही घरी या. ऐकायला कठोर वाटतं. वर्षभराची कमाई उभी असते तिथं, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आवाज नरम ठेवा, वाक्य नाही.

‘कांदा झाकून घ्या’, ‘मका आत घ्या’, ‘पत्र्यावर दगड ठेवा’ यांचंही तेच. सकाळी सांगा, चारनंतर नाही. वाऱ्यात पत्र्यासोबत दगडही खाली येतो.

मे म्हणजे लग्नसराई. संध्याकाळच्या लग्नात मांडवाखाली पाचशे माणसं आणि लोखंडी खांबांवर ताणलेलं कापड. नारिंगी इशारा असेल त्या दिवशी मांडववाल्यांसाठी वेगळं निवेदन करा: बाजूचे पडदे काढून टाका, म्हणजे वारा आरपार जाईल, लाइटिंगचं मुख्य बटण कुठं आहे ते एकाला माहीत असू द्या, वारा सुटताच पाहुण्यांना जवळच्या पक्क्या इमारतीत हलवा. तसंच साक्री, धुळ्याकडच्या माळावर मेंढ्या घेऊन फिरणारे ठेलारी. त्यांच्याकडं रेडिओ किंवा मोबाइल असतो, घर नसतं. ‘घरी जा’ हे त्यांना निरर्थक आहे. एकट्या झाडापासून दूर, सखल जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवं बसा, असं सांगा. सुरत-नागपूर महामार्गावर पारोळा, एरंडोल, भुसावळ पट्ट्यात झाडं आडवी होतात. ट्रकवाल्यांसाठी एक ओळ हिंदीत ठेवा.

बोलीचा प्रश्न विचारला जातो. मूळ निवेदन साध्या मराठीत, आणि लगेच एक ओळ ऐकणाऱ्याच्या बोलीत. ‘झाडखाले उभं ऱ्हाऊ नका, घरमा जा’ हे अहिराणीत सांगितलं की म्हातारी माणसं मान वर करतात. यावल-रावेरकडं लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली. ही ओळ त्या बोलीच्या माणसाकडूनच म्हणवून घ्या. शहरी पोरानं गंमत म्हणून काढलेली अहिराणी वादळात चालत नाही.

हवेत असताना

दर दहा मिनिटांनी मुख्य निवेदन. लोक मध्येच रेडिओ लावतात, त्यांना आधीचं माहीत नसतं. मधल्या वेळात गाणी लावा, पण पावसाची रोमँटिक गाणी नकोत, आणि गडगडाटाचे ध्वनिपरिणाम तर अजिबात नकोत. खरा गडगडाट कुठला ते ओळखता आलं पाहिजे. दर वेळी घड्याळ सांगा. वीज गेलेल्या घरात अंधारात बसलेल्या माणसाला वेळ हीसुद्धा माहिती असते. नवीन काही नसेल तर ‘सहा वाजून दहा मिनिटं, तहसील कार्यालयाकडून नवी माहिती नाही, साडेपाचचा इशारा कायम आहे’ असं सांगा. रिकामी जागा गप्पांनी भरली की अफवेला वाट मिळते.

फोन हवेत घ्यायचे का? थेट नको. एक जण फोन घेईल, नाव, गाव आणि ‘तुम्ही स्वतः पाहिलं का’ हे विचारून चिठ्ठीवर लिहील, दुसरा ते प्रशासनाकडून पडताळेल, मग चिठ्ठी तुमच्यापुढं येईल. मदत मागणारा फोन असेल तर तो आधी ११२ किंवा १०८ वर जोडून द्या. त्याची हाक हवेत सोडल्यानं ॲम्ब्युलन्स निघत नाही. तरी एक उदाहरण लक्षात असू द्या. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हरिकेन न्यू ऑर्लिन्सवर आलं. डब्ल्यूडब्ल्यूएल हे केंद्र सुरू राहिलं, आणि पाण्यानं वेढलेल्या घरांतून लोक तिथं फोन करत होते, कारण दुसरं कुणी उचलतच नव्हतं. पुढं एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन रेडिओ कंपन्यांनी आपली माणसं आणि प्रक्षेपण एकत्र केलं. आपल्या तालुक्यात हे करायला वादळाची वाट बघू नका. शेजारच्या केंद्राशी आजच बोलून ठेवा: तुमचा मनोरा पडला तर आमची निवेदनं तुम्ही वाचाल, आमचा पडला तर तुमची आम्ही.

पूर आणि धरणाची अफवा

तापीचा पूर आपल्याकडच्या पावसावर ठरत नाही. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून बुऱ्हाणपूरवरून येते, पूर्णा अकोला-बुलढाण्याकडून. दोघी चांगदेवला मिळतात आणि पुढं हतनूर धरण. म्हणजे भुसावळला ऊन पडलेलं असतानाही हतनूरचे दरवाजे उघडले जाऊ शकतात. धरणाला ४१ दरवाजे आहेत. ‘इतके दरवाजे उघडले’ ही बातमी आली की गावोगाव फोन फिरतात आणि तासाभरात ‘धरण फुटलं’ असं होतं.

इथं नवखे निवेदक हमखास घसरतात. ते हवेत जाऊन म्हणतात, ‘धरण फुटल्याची अफवा आहे, विश्वास ठेवू नका.’ ज्यानं ती ऐकलीच नव्हती त्यालाही आता ऐकू आली, आणि वाक्यातला ‘फुटलं’ तेवढाच कानात राहिला. अफवेचं नाव न घेता खरी स्थिती सांगा: ‘पाटबंधारे विभागानं सांगितलंय, हतनूर सुरक्षित आहे, दरवाजे नेहमीच्या पद्धतीनं उघडले आहेत, नदीकाठची मोटार आणि जनावरं वर हलवा.’

क्युसेकचा आकडा वाचलात तर अर्थही सांगा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. पण त्याहून उपयोगी म्हणजे कुठला पूल, कुठला फरशीचा रस्ता, कुठला घाट पाण्याखाली जातो ते. यावल, चोपडा, अमळनेर, शिरपूर आणि पुढं सारंगखेडा, प्रकाशा इथपर्यंतच्या माणसांना पाणी कधी पोचेल, हे पाटबंधारे शाखेला विचारून घड्याळात सांगा.

लहान नद्या जास्त दगा देतात, कारण त्यांना इशाऱ्याची फुरसत नसते. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटाच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला आणि तितूर-डोंगरीचं पाणी चाळीसगावात शिरलं; घाटात दरडी कोसळल्या. अशा वेळी डोंगराच्या वरच्या अंगाला राहणारा एखादा माणूस तुमच्या वहीत असणं हेच खरं यंत्र. त्याचा फोन आला, तहसीलनं दुजोरा दिला, की लगेच: ‘नदीले पूर येल शे, पुलवर जाऊ नका.’ आणि पुराचं वर्णन रसभरीत करू नका. ‘पाणी पुलाला टेकलंय, असं दृश्य कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं’ म्हणालात की अर्धं गाव पुलावर सेल्फीला जमतं. पाय कुठं वळले बघा.

तुम्ही स्वतः

वाऱ्यात रिपोर्टिंगला बाहेर जायचं नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी जायचं नाही. विजा होत असताना वायरचा हेडफोन आणि लँडलाइन टाळता येईल तेवढी टाळा. वीज अगदी जवळ आली आणि केंद्रप्रमुखानं प्रक्षेपण बंद करायला सांगितलं तर वाद घालू नका. बंद करण्याआधी मात्र कधी परत येणार ते सांगून जा.

वारा थांबल्यावर

वादळ पाऊण तासाचं असतं आणि नंतरचं काम चार-पाच दिवसांचं. पहिलं निवेदन तुटलेल्या तारांचं: तार मेलेली दिसली तरी हात लावू नका, जनावर अडकलं असेल तरी नको, महावितरणला १९१२ वर कळवा. मग कुठला रस्ता मोकळा आहे, कुठल्या गावात टँकर येतोय, दवाखाना कुठं चालू आहे. वीज कधी येईल हे अभियंत्यानं ठामपणे सांगितल्याशिवाय वेळ देऊ नका. ‘रात्री आठपर्यंत’ म्हणालात आणि आली नाही, की पुढचा पुराचा इशाराही कुणी मनावर घेत नाही. जनावरांसाठी १९६२ हा क्रमांक.

मग पंचनामे. ज्या पीक विम्यात स्थानिक आपत्तीचं संरक्षण असतं, त्यात नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. हा आकडा तिन्ही दिवस सांगा, आणि शिल्लक तासही: ‘गुरुवारी संध्याकाळी वारा आला, म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत.’ तलाठी, कृषी सहायक कुठल्या गावात कुठल्या दिवशी येणार ते मिळवा आणि वाचा. बागेचे फोटो काढायला सांगताना जोडून म्हणा: उजेड पडल्यावर, वरची तार बघून. रात्री बॅटरी घेऊन कुणी बागेत शिरू नये.

नुकसान झालेल्या शेतकऱ्याची मुलाखत पहिल्या दिवशी घेऊ नका. त्याला बोलायचं असतं, पण काय बोललो ते नंतर त्याला झेपत नाही. तिसऱ्या दिवशी जा, सोबत कृषी अधिकारी असेल तर उत्तम, म्हणजे प्रश्न विचारला की उत्तरही तिथंच मिळतं.

सामुदायिक रेडिओला प्रसारण तीन महिने जपून ठेवावं लागतं. ते नुसतं कपाटात ठेवू नका. आठवड्याभरानं सगळे मिळून वादळाच्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावा आणि वहीत दोन रकाने करा: इशारा हातात आला कधी, हवेत गेला कधी. मधला वेळ पाच मिनिटांहून जास्त निघाला तर कागद कुणाच्या टेबलावर अडकला ते शोधा, आणि पुढच्या एप्रिलच्या यादीत ते पहिलं काम म्हणून लिहा.